डॉक्टरसाब, दुर्बीण आणि आत्याबाईंचं पोट

पहिल्या दिवशी मी डॉक्टरसाबांना डाळ निवडताना पाहिलं आणि तशीच मागं फिरायला निघाले होते.

बिदरजवळच्या भालकीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दुमजली दवाखाना होता. खाली पेशंट, वर ते स्वतः. मी नर्सिंगचा कोर्स संपवून नुकतीच आलेली. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, टोपीला आठ पिना, आणि तोंडात पुस्तकातलं मराठी. पेशंट ‘न्हाई’ म्हणाला की मी त्याला ‘नाही’ म्हणायला लावायची. तो बिचारा पोट धरून बसलेला असायचा, आणि मी त्याचं बोलणं दुरुस्त करायची. आज ती पोरगी माझ्यापुढं आली तर मीच तिच्या टोपीची एकेक पीन काढून घेईन.

तर मी आत गेले. साहेब खुर्चीत बसलेले. पुढ्यात बिस्किटांचं रिकामं खोकं, खोक्याला वरून दोन भोकं, भोकांतून हातहातभर लांब दोन चिमटे आत घातलेले. नजर मात्र खोक्याकडं नव्हती, बाजूच्या टीव्हीकडं होती. खोक्यात कॅमेरा, आणि टीव्हीवर आतली तुरीची डाळ दिसत होती. त्यातला एकेक खडा चिमट्यात धरून ते वाटीत टाकत होते.

“बस गं. सकाळपास्नं एवढीच झाली बघ,” ते मान न वळवता म्हणाले.

“सर, मला ऑपरेशन थिएटरसाठी बोलावलं आहे,” मी म्हटलं.

“मग हे काय चाललंय?”

दुर्बिणीच्या ऑपरेशनात हात पोटाच्या बाहेर असतात आणि डोळे टीव्हीवर. बोटभर भोकातून चिमटे आत जातात, आणि पडद्यावर डावं-उजवं कळेपर्यंत माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून साहेब रोज सकाळी तासभर डाळ निवडायचे. आधी घरची निवडली, मग कंपाऊंडरच्या घरची. ते गल्लीतल्या बायकांना कळल्यावर दवाखान्यात डाळीच्या पिशव्या यायला लागल्या. साहेब प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावायचे. समोरच्या घरातली म्हातारी एकदा दारातूनच ओरडली, “डॉक्टरसाब, पाव्हणे आलेत, आमची डाळ झाली का न्हाई?” साहेब कुठल्याही म्हातारीला अव्वा, म्हणजे आई म्हणायचे. त्यांनी आतून सांगितलं, “अव्वा, आज एक अपेंडिक्स आलाय. तेवढं काढतो, मग तुझी डाळ.”

त्यांचे हात मात्र फार सुंदर चालायचे. त्याचं जे कारण ते सांगायचे ते मला तेव्हा भयंकर वाटायचं. त्यांचं घर चिटगुप्प्याकडचं, मेंढरंवाल्यांचं. “माझा पहिला गुरू माझा बा,” ते म्हणायचे. “बकरं कापलं की काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी काढायचं काम माझ्याकडं. फुटली की सगळं मटण कडू. आन् मटण कडू झालं की बा मला काय करायचा ते तुला सांगत न्हाई. सात वर्षांचा असताना शिकलोय मी पित्ताशय काढायला. कॉलेजात नुसती त्याची इंग्रजी नावं शिकलो.” हे ते नव्या पेशंटलाही सांगायचे. धीर यावा म्हणून. बकऱ्याशी बरोबरी केल्यावर काहींना धीर यायचा, काही उठून बिदरला जायचे.

रोग ओळखायची त्यांची पद्धतही अशीच. उदगीरची बस स्टँडला लागायच्या वेळेला ते वरच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे राहायचे. माणसं उतरायला लागली की ते म्हणायचे, “ती हिरवी साडी आपली. उजव्या बरगडीखाली हात बघ.” आणि पाच मिनिटांत हिरवी साडी आमच्या पायऱ्या चढत असायची. तिला बसवून पहिला प्रश्न, “कुणाच्या लग्नात जेवलाव?” ती चकित व्हायची. लग्न अमक्या गावी होतं, जेवून रात्री पोटात कळ आली, उजव्या खांद्यापर्यंत गेली, असं तिनं सांगितलं की साहेब खूश. तळलेलं खाऊन उठणारी कळ त्यांना भेटायला आलेल्या मैत्रिणीसारखी वाटायची. कुठल्या गावचा आचारी भज्यांना किती तेल पाजतो हे त्यांना पाठ होतं.

दुसरा नियम बोटाचा. “कुठं दुखायलंय ते दाखवा,” असं ते सगळ्यांना म्हणायचे. जो सगळा तळवा पोटावरून फिरवायचा त्याला बाकावर बसवायचे. जो एकच बोट नेमकं टेकवायचा त्याचा नंबर आधी. झालं, ही गोष्ट तालुकाभर पसरली. पुढं काय, गॅस झालेली माणसंसुद्धा दारातून एक बोट पोटाला लावून आत यायला लागली. साहेबांनी मग नवीन काढलं. बोट लावणाऱ्याला उभं करायचे, चवड्यावर चढवायचे आणि टाचा जमिनीवर आपटायला सांगायचे. खरं अपेंडिक्स असलेला माणूस अर्ध्यातच कळवळायचा. बाकीचे धाडधाड आपटायचे. एका मामांनी तीनदा आपटून विचारलं, “आनखी आपटू का?”

“नको, फरशी फुटंल. आता बाकावर जाऊन नाचा.”

‘अंदाजे’ हा शब्द मात्र दवाखान्यात चालत नव्हता. मी एकदा “अंदाजे दोन वाट्या उलटी झाली,” असं सांगितलं तर मला वाटी आणायला लावली, तिच्यात मापानं पाणी ओतायला लावलं आणि मग म्हणाले, “आता सांग.” त्यांचं म्हणणं एकच: “अंदाज पावसाचा करावा. पोटात बघितल्याशिवाय बोलायचं न्हाई.”

पण लोकांचाच त्यांच्यावर विश्वास बसेना. तेव्हा घरोघरी केबल आलेली, गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ, पोरं पुण्याला-हैदराबादला कामाला चाललेली. तरी ऑपरेशन म्हणजे पोटावर वीतभर कापलेलं पाहिजे, ही लोकांची समजूत काही हलायला तयार नव्हती. तीन बारीक भोकं बघून नातेवाईक म्हणायचे, “काय केलं मग? सुया टोचल्या?” पित्ताच्या पिशवीतून काढलेले, बाटलीतले खडे दाखवले तर शेजारी चाललेल्या बांधकामाकडं बोट दाखवायचे. एका पेशंटच्या सासऱ्यानं तर एक खडा उचलला आणि दाढेखाली धरला. मी किंचाळले. म्हातारा शांतपणे थुंकून म्हणाला, “कडू हाय. खरं हाय.”

त्यानंतर साहेबांनी थिएटरमधल्या कॅमेऱ्याची एक वायर भिंतीतून बाहेर काढली आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडली. नातेवाइकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून. नुसतं बघून समजेना, म्हणून मास्कच्या आत एक छोटा माईक अडकवून घेतला. ऑपरेशन करता करता बोलायचे. पेशंट मराठी असला तर मराठीत, कानडी असला तर कानडीत, दखनी बोलणारा असला तर दखनी हिंदीत, हॉलमध्ये सगळेच असले तर तिन्हीत. “आता हे पिवळं दिसायलंय ते चरबी.” हॉलमधून बायकांचा आवाज यायचा, “अगंबाई! वहिनीच्या पोटात एवढी?” त्या वहिनीला भुलीतून शुद्ध यायच्या आधी तिच्या चरबीची वार्ता गावात पोचलेली असायची.

कॅमेरा धरायचं काम माझं. पहिल्या दिवशी मास्क लावणार हे माहीत असून मी मास्कच्या आत पावडर लावून गेले. आणि पोटात कॅमेरा गेला की डोळे मिटले. पडद्यावरचं चित्र कलंडलं, हॉलमधल्या लोकांनी माना तिरप्या केल्या. साहेब माईकवरच म्हणाले, “सिस्टर, पेशंट सरळ झोपलाय. आपन बी सरळ राहू.” सगळ्या हॉलनं ऐकलं. मला महिनाभर बाजारात ‘तिरपी सिस्टर’ म्हणायचे.

पुढं शिकले. शिकले म्हणजे इतकी शिकले की डोक्यात हवा गेली. याच सुमारास माझं लग्न झालं. नवरा पुण्याला कारखान्यात, मी आणि सासूबाई भालकीतच. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. घरात शिरून पदर खोचायच्या आधी मी दवाखान्यातल्या गोष्टी सुरू करायची. अमकीच्या पोटात असं, तमकीच्या आतड्याला तसं. आत्याबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, सुनेचं कौतुक वाटतंय.

मग आत्याबाईंनाच कळ उठली. आधी त्यांनी सांगितलंच नाही. त्या बाईनं जन्मात कुणाला काही दुखतंय, खुपतंय, जमत नाही असं सांगितलेलं नव्हतं. चुलीपुढं वाकून बसल्या तर मला वाटलं, राख काढतायत. दुसऱ्या दिवशी ताप भरला तेव्हा मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. तीन खडे, पिशवी सुजलेली.

“अव्वा, आज-उद्या काढून टाकू. पहिल्या तीन दिवसांत सोपं असतंय,” डॉक्टरसाब म्हणाले.

“काढा. पन एक अट हाय.” आत्याबाईंनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. “हिनं बघायचं न्हाई.”

“ही कॅमेरा धरती. हिच्याशिवाय माझ्याकडं कोन न्हाई.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“आन् हॉलमधल्या टीव्हीवर सगळा गाव बघतोय, ते चालतंय?”

“गाव संध्याकाळी आपापल्या घरी जातोय. ही जनमभर माझ्या घरात हाय. ही रोज येऊन सांगतीया कुणाच्या पोटात काय हाय. उद्या माझं पोट बघितली की मग माझं ऱ्हायलं काय?”

मी तिथंच उभी. टोपीसकट. साहेबांनी माझ्याकडं एकदाच बघितलं, पण त्या बघण्यानं आठही पिना टोचल्या.

तीन दिवस गेले. सलाइन चालू, इंजेक्शनं चालू, पण ताप उतरेना. मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. नवरा म्हणाला, “मी काय म्हनू? तुमी दोघी ठरवा.” जनवाड्याहून नणंद आली. तिनं आईचे पाय धरले. आत्याबाईंचं एकच: “सुनेनं बघायचं न्हाई.” चौथ्या दिवशी डॉक्टरसाब मला बाजूला घेऊन म्हणाले, “पिशवीत पू झालाय. आनखी थांबलो तर फुटंल. मग मी काय, माझा बा आला तरी कठीन हाय.”

“सर, मी कॅमेरा धरणार नाही असं सांगा ना त्यांना. भूल दिल्यावर काय कळणार आहे?”

“खोटं बोलू? भूल देऊन?” ते एवढंच म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या डॉक्टरच्या डोक्यात आलं नसतं. आत्याबाईंची कॉट ढकलत सोनोग्राफीच्या खोलीत नेली. मशीनचा पडदा त्यांच्याकडं वळवला. आणि मला म्हणाले, “सिस्टर, टेबलावर झोप.”

“मी?”

“तू तिचं बघनार. तिनं तुझं बघावं. हिशोब बरोबर.”

मी लाजेनं अर्धी झाले, पण आतून खूशही. माझं पोट कसं देवाच्या गाभाऱ्यासारखं स्वच्छ निघणार आणि आत्याबाई कशा खजील होणार! साहेबांनी थंडगार जेली लावली आणि मशीनला जोडलेलं छोटं यंत्र पोटावर फिरवायला सुरुवात केली.

आत्याबाई एका कोपरावर उठल्या. “हे काय?”

“काळीज.”

“हे काळं?”

“पित्ताची पिशवी.”

“आन् त्यातलं पांढरं?”

साहेब पडद्याजवळ वाकले. यंत्र थांबलं, पुन्हा फिरलं. “खडे,” ते म्हणाले. “एक, दोन… पाच.”

मी टेबलावर उठून बसायला लागले तर त्यांनी पुन्हा निजवलं. आत्याबाईंच्या अंगात एकशे दोन ताप होता, तरी तोंडावर जी कळा आली ती मी माझ्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

“माझे किती म्हनलाव?”

“तीन.”

“हिचे पाच?”

“पाच.”

“चला,” आत्याबाई म्हणाल्या. “कवा काढायलाव माझे?”

मी रडकुंडीला येऊन माझ्या पाचांचं काय म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, “झोपलेत ते. कधी दुखलं न्हाई ना? मग झोपू दे. दुखलं की बघू.” ते अजून झोपलेलेच आहेत.

दुपारी भूल देणारे डॉक्टर आले आणि आत्याबाईंना आत घेतलं. हॉलमध्ये नणंद, तिची माणसं, आमच्या गल्लीतल्या बायका. मी कॅमेरा धरला. या वेळी मास्कच्या आत पावडर नव्हती. आत बघितलं तर सगळं एकमेकांना चिकटलेलं. लाल, सुजलेलं, कुठं पिशवी आणि कुठं काय, काही सुटं दिसेना. साहेब माईकवर बोलत होते ते हळूहळू कमी झालं. हळूच ओढून बघायचे, थांबायचे, पाण्यानं धुऊन बघायचे. अर्धा तास गेला. घाम पुसायला मी मोकळी नव्हते, तो त्यांच्या भुवईवरून ओघळत होता.

पिशवीची नळी कापावी लागते. तिच्या शेजारीच यकृताकडून येणारी मोठी नळी असते. ती चुकून कापली गेली तर माणूस पिवळा पडून हातातून जातो. एवढं मलाही माहीत होतं. साहेबांनी कात्री आत घातली, एका दोरीसारख्या भागाजवळ नेली, आणि तिथंच थांबवली.

हॉलमध्ये सगळे बघत होते. आता साहेबांची अब्रू जाणार. दुर्बीणवाले डॉक्टर हरले म्हणून उद्या सगळीकडं बोभाटा. माझ्या हुशार डोक्यात लख्ख उजेड पडला. हात गुंतलेले होते, म्हणून मी पायानं हॉलकडं जाणारी वायर ओढून काढली.

बाहेरचा पडदा काळा झाला. आणि नणंदेनं जो टाहो फोडला! “आई गेली गं माझी!” मागोमाग सगळ्या बायका. टीव्ही विझला म्हणजे म्हातारी विझली, अशी त्यांची समजूत झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दचकून नाडी तपासली. नाडी व्यवस्थित होती.

“वायर कोन काढलं?” साहेबांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“मी. सर, तुमची… लोक बघतायत म्हणून…”

“लाव.”

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खाली वाकून वायर लावली. पडदा पेटला, रडणं थांबलं. डॉक्टरसाब माईकमध्ये, डाळ निवडताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले:

“अव्वा ठीक हाय. पन मला दिसंना.” मग कानडीत, “काणवल्दु.” मग दखनीत, “नै दिखरा.” आणि पुन्हा मराठीत, “अंदाजानं कापनार न्हाई. पोट उघडायलोय.”

आणि दुर्बीण बाहेर काढून त्यांनी उजव्या बरगडीखाली चांगलं वीतभर उघडलं. हात आत घालून, बोटांनी एकेक पदर सोडवत, तासाभरानं पिशवी बाहेर काढली. मोठी नळी जिथल्या तिथं, धडधाकट. बाहेर येऊन टोपी काढून ते हॉलमध्ये उभे राहिले. मला वाटलं आता लोक बोलणार. नणंदेच्या सासऱ्यांनी बाटलीतले तीन खडे बघितले, वीतभर टाक्यांचं ऐकलं आणि समाधानानं मान हलवली.

“हां! आता कसं ऑपरेशन झाल्यागत वाटायलंय.”

साहेबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. इतकी वर्षं खोक्यात डाळ निवडून भोक बारीक करायला शिकले, आणि नाव झालं ते वीतभर कापल्यावर! पुढचे दोन महिने पेशंट येऊन सांगायचे, “आमाला सिस्टरच्या सासूसारखं करा. मोठं.” ते कपाळावर हात मारायचे, पुन्हा सगळं समजावून सांगायचे, आणि तीन भोकांतूनच काढायचे.

टाके काढायच्या दिवशी आत्याबाई त्यांना म्हणाल्या, “डॉक्टरसाब, एवढ्या लोकांम्होरं दिसंना म्हनलाव. लाज न्हाई वाटली?”

“लई वाटली,” साहेब टाका ओढत म्हणाले. “पन नळी तुमची होती.”

आत्याबाई पदर सारखा करून उठल्या. घरी जाताना रिक्षात मी, दवाखान्यातलं घरी सांगायचं नाही असं ठरवून, ओठ गच्च मिटून बसले होते.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी मी अंगणात भांडी घासत होते. आत्याबाई ओट्यावर गोधडी घेऊन बसलेल्या. बराच वेळ त्यांनी सुई उजेडाकडं धरली, दोरा ओला केला, पुन्हा धरली. मग हाक मारली.

“अगं, ये हिकडं. मला दिसंना. तेवढा दोरा ओव.”

या घरात येऊन मला वर्ष झालं होतं आणि त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी हात पुसून ऐटीत गेले. ऑपरेशनमधला कॅमेरा धरणारी मी! “द्या, हे काय अवघड आहे,” म्हणत सुई घेतली. एकदा हुकलं. दोनदा हुकलं. मी सुईवर गंज चढलाय म्हणाले. मग दोराच जाड आहे म्हणाले. चौथ्या वेळेला ढग आलाय म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. पोटावरच्या टाक्यांच्या वणावर हात ठेवून, हसू दाबत.

“दिसंना म्हन की गं,” त्या म्हणाल्या. “मी म्हनले, मेले का?”